वेगळा वर्ग

“तुमच्यापैकी कुणाकुणाचा जन्म पेडणे तालुक्यात झाला?” भाग शिक्षणाधिकारी कृष्णनाथांनी सहावीच्या वर्गाला विचारलं.

दोन हात वर आले. बाकीची मुलं एकमेकांकडे बघत राहिली. कुणी चंदगडचं, कुणी बेळगावकडचं, एक-दोन सावंतवाडीची. सगळ्यांचे आईबाप इथं हमरस्त्याच्या नाहीतर बांधकामाच्या कामावर.

कृष्णनाथांनी मुलांकडून धडा वाचून घेतला. फळ्यावर अपूर्णांकांची उदाहरणं घातली. मुलं अडखळली नाहीत. मागच्या बाकावरच्या सोनमने तर उदाहरण सोडवून, ते दुसऱ्या रीतीनेही करून दाखवलं. कृष्णनाथांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि ते बाहेर पडले.

“शाळा उत्तम आहे, बाई,” ऑफिसात बसल्यावर ते मुख्याध्यापिका पद्मावतीबाईंना म्हणाले. “असा वर्ग मी या भागात पाहिला नाही. पण वर मला हे विचारणार नाहीत. गावातली मुलं किती, ते विचारतील. कामं संपली की ही माणसं निघून जातील. मग पट कुठून आणाल? ही शाळा पेडणे शहरातल्या शाळेला जोडून टाकावी, असं म्हणणारे पुष्कळ आहेत.”

बाईंना हे ठाऊक होतं. म्हणूनच त्यांनी आजी-माजी पालकांना बोलावलं होतं. आले दोघंच. एक इथलाच, धारगळचा दत्ताराम. त्याचं हमरस्त्यावर दुकान होतं, आणि मुलगा विशाल चौथीनंतर बसने लांबच्या इंग्रजी शाळेत जात होता. दुसरा सोनमचा बाप भैरू. तो कामावरून तसाच आला होता. पायांवर सिमेंट वाळलेलं, म्हणून खुर्ची सोडून दाराजवळच्या स्टुलावर बसला होता.

“सायबानू, शाळा बरी,” दत्ताराम म्हणाला. “मी स्वता हयच शिकलंय. आमची पोरां परत हय हाडूक आमी तयार आसंव. पण वर्ग येगळो करा. गावच्यांचो येगळो, कामगारांच्यांचो येगळो. मगे बघा, सगळे येतत की नाय.”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. फक्त भैरूकडे त्याने पाहिलं नाही.

“दोन तुकड्या,” कृष्णनाथ सुटका झाल्यासारखे म्हणाले. “करता येईल की. पटही वाढेल.”

“तुकड्या करता येतील, साहेब. पण कशावरून करायच्या?” बाईंनी विचारलं.

बाई भैरूकडे वळल्या. तो आता चिडून उठणार आणि आपल्याला बळ येणार, असं त्यांना वाटलं होतं.

“भैरू, तुम्ही बोला.”

भैरू उभा राहिला. “करा की, बाई.”

“काय करा?”

“येगळा वर्ग. सोनम बसंल तिकडं.”

“हे काय म्हणाले ते ऐकलंत ना?”

“ऐकलं की. आदी आमी डिचोलीकडं खाणीवर हुतो. थितली शाळा पोरं कमी झाली म्हणून बंद केली. दुसरी लांब हुती. माजी थोरली योगिता तवा पाचवीत. उद्या घालू, परवा घालू, असं करत ऱ्हायलं. आता ती माज्यासंगं घमेली उचलती.” त्याने हात पाठीमागे घेतले. “शाळा ऱ्हाऊ दे, बाई. कुटं बसायचं ते मागनं बघू.”

दत्तारामने पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं.

“कितक्या वर्सांचां तुजां थोरलां चेडू?”

“तेरावं सरलं.”

“आमचां चेडू अंकिता तेवढांच,” दत्ताराम म्हणाला, पण ते कुणाला उद्देशून नव्हतं. तो उठला. दारात चपला पायांत सरकवून परत वळला.

“बाईनू, जूनात इशालाक परत हयच हाडतंय. वर्ग येगळो नसलो तरी चलात.”

“आणि बाकीचे?” कृष्णनाथांनी विचारलं.

“तेंचां माका सांगूक येवचां नाय, सायबानू.”

त्याची स्कूटर सुरू होऊन रस्त्याला लागली.

“एकाने काय होणार, बाई?” कृष्णनाथ म्हणाले. “आणि हे भैरू स्वतःच वेगळ्या वर्गाला कबूल आहेत. तुमचं काय अडतं?”

“ते कबूल आहेत, साहेब. मी नाही.” बाईंचा आवाज चढला नाही. “मुलं चांगली शिकतात, हे तुम्ही पाहिलंत. वेगळा वर्ग न करता गावातलं एक मूल परत येतंय, हे ऐकलंत. एवढंच लिहा.”

कृष्णनाथांनी पेन उघडलं, लिहिलं, आणि लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवलं. शाळा एक वर्ष आहे तशी चालू ठेवावी, त्यानंतर पुन्हा पाहावं.

“एक वर्ष, बाई. पुढचं माझ्या हातात नाही.”

“चालेल.”

साहेबांची जीप गेली. भैरू अजून दाराशीच होता. बोलणं कुठल्या बाजूला गेलं, ते त्याला नीटसं कळलं नव्हतं.

“मग बाई, सोनमनं उद्या कुटं बसायचं?”

“आज बसली होती तिथंच. आणि येताना योगितालाही घेऊन या.”



“ती आता लई मोठी दिसंल, बाई. पाचवीत.”

“दिसू दे,” बाई म्हणाल्या.