बारावा अर्ज

जनरेटरच्या दाराला सील लावायला बैरुत पालिकेचा शिपाई वफीक वाकला, तेवढ्यात नखले मास्तर जिन्यावरूनच ओरडले, "थांबा! अहो, थांबा जरा!"

जनरेटर आधीच बंद केलेला होता. चार वर्षांत गल्लीत इतकी शांतता कधी झाली नव्हती. समोरच्या बायका काय झालं म्हणून गॅलरीतून वाकून बघत होत्या. गल्लीला वीज विकणारा जनरेटरवाला झाहेर भिंतीला टेकून भोपळ्याच्या बिया फोडत उभा होता.

"या मास्तर, या," तो म्हणाला. "झालं ना मनासारखं? आता बसा खुशाल विजेवाचून."

"आधी चालू कर ते. अफाफ वर मशीनवर आहे."

बायकोच्या ऑक्सिजनच्या मशीनला बॅटरी होती ती दहा मिनिटांची. त्यातली तीन मास्तरांच्या गुडघ्यांनी जिन्यातच खाल्ली होती. सिलिंडर कालच संपला होता, आणि सरकारी वीज येते दिवसातून दोन तास. ते कुठले दोन, हे सरकारलाही ठाऊक नसतं.

वफीकने पिशवीतून एक कागद काढला. "तक्रार तुमचीच ना? काय सुंदर अक्षर हो! साहेबांनी नुसतं अक्षर पाहून फाइल वर काढली."

तक्रार मास्तरांचीच होती. चाळीस वर्षं पोरांकडून अक्षर घोटून घेणाऱ्या या माणसाने अकरा अर्ज केले होते आणि अकराव्यात काळीज ओतलं होतं. त्यानंतर अफाफ दवाखान्यात गेली. महिन्यापूर्वी घरी आली ती नाकात नळी घेऊन. बाईने आयुष्यात कधी हुक्क्याला तोंड लावलं नव्हतं, तरी डॉक्टरांनी तीनतीनदा विचारलं. मग म्हणाले, धुराने फुफ्फुसं गेलीत, आता हृदयही दमलंय. घरात धूर येऊ देऊ नका आणि मशीन बंद पडू देऊ नका. या धांदलीत मास्तर अर्ज साफ विसरून गेले होते.

"मी तक्रार मागे घेतो," ते म्हणाले.

"अशी कशी मागे घेता? तुम्ही लिहिलंय, धुराने बायको अंथरुणाला खिळली. खरं असेल तर मला सील लावावंच लागेल. खोटं असेल तर तसं लेखी द्या."

"खरंच आहे हो ते!"

"मग लावतो सील."

"नाही, नाही. खोटं आहे. सगळं खोटं आहे!"

झाहेरने हातातल्या बिया खाली टाकल्या. "वफीकभाऊ, आधी चालू करू द्या ना. लिहिणं मागाहून होईल. मला काय हौस आहे का लोकांच्या घरात धूर सोडायची?"

"कागद हातात नसताना? माझी नोकरी घालवतोस का?"

तिसऱ्या मजल्याची खिडकी धाडकन उघडली. अफाफजवळ बसलेली शेजारीण नजात अर्धी बाहेर वाकली. "मास्तर! मशीन शिट्ट्या मारतंय! ओठ निळे पडायला लागलेत हिचे!"

 मास्तरांनी वफीकच्या खिशातलं पेन आणि पिशवीतला कोरा कागद हिसकावून घेतला आणि तो भिंतीला लावला. "सांगा. काय लिहू?"

"लिहा, जनरेटरच्या धुराचा आम्हाला काहीही त्रास नाही."

मास्तरांनी लिहिलं.

"माझी बायको धडधाकट आहे."

मास्तर थांबले. "धडधाकट लिहायलाच हवं का?"

"साहेब विचारतील हो. मी काय सांगू?"

मास्तरांनी तेही लिहिलं. असं अक्षर पहिलीतल्या पोराने काढलं असतं तर त्यांनी पान फाडायला लावलं असतं. वफीकने कागद डोळ्यांजवळ नेऊन सावकाश वाचला.

"तारीख राहिली," तो म्हणाला.

मास्तरांना आजची तारीख आठवेना. ती झाहेरने सांगितली. मग सही झाली. शाई वाळायची वाट न बघता झाहेर आत धावला.

इंजिन एकदा घरघरलं आणि बंद पडलं. पुन्हा घरघरलं, पुन्हा बंद.  झाहेरने एक शिवी हासडली आणि तिसऱ्यांदा खटका दाबला.

या खेपेला ते धडधडत सुरू झालं. पाइपातून काळ्या धुराचा लोट निघाला आणि भिंतीला धरून वर चढू लागला. पहिला मजला गेला, दुसरा गेला, आणि मग तो नजातने उघडलेल्या मास्तरांच्याच खिडकीतून आत शिरला. धुरातून नजातचा हात तेवढा बाहेर आला आणि हलला. मशीन चालू झालं होतं.

मास्तरांनी जनरेटरच्या पत्र्यावर तळहात टेकला.

"थांबू नकोस रे बाबा," ते म्हणाले. "आता थांबू नकोस."