चालवणाऱ्याची बाजू

“माझ्या गाडीचं नाक कायम वर,” बायको म्हणाली. “नसता तोरा.”

मिस्त्रीने गुडघे टेकून चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्यापर्यंत टेप लावला. पुढे माप जास्त, मागे कमी. जुन्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगा थकल्या होत्या, एवढंच. स्प्रिंगा बदलून गाड्या खाली बसवायच्या, सरळ करायच्या, हे त्याचं रोजचं काम. पण ही गाडी बायकोची होती. तिला चालवायला त्यानेच शिकवलं होतं, आणि शिवणाच्या क्लासला ती एकटी गाडी घेऊन जाऊ लागली तेव्हा सगळ्यात जास्त मिरवलाही तोच होता.

फळीवर दोन सेट होते. एक गाडी चारही बाजूंनी सारखीच खाली आणणारा, दुसरा पुढून जास्त आणि मागून नावापुरता.

“पहिला घातला तर गाडी खाली येईल, पण नाक वरच राहील,” तो म्हणाला. “दुसराच हवा.”

“भावजींना विचारू या का? त्यांची नजर चांगली आहे.”

भावजी म्हणजे पेंटर. गॅरेजच्या अर्ध्या शेडमध्ये त्याचं रंगकाम चाले. धिप्पाड गडी. बाकावर बसला की बाक कुरकुरायचा, आणि बोलणं असं की गिऱ्हाईक तक्रार विसरून हसत सुटायचं. मिस्त्रीचा लहानपणापासूनचा दोस्त. अलीकडे मात्र त्या हसण्यात बायकोचा आवाज सगळ्यात वर ऐकू येई, आणि मिस्त्रीच्या पोटात दुखू लागे.

पेंटरने मान तिरकी करून गाडी पाहिली. “दुसरा सेट, वहिनी. डोळे मिटून घ्या.”

“बघा, न मोजता सांगितलं,” बायको हसली.

हेच मिस्त्रीने मोजून सांगितलं तेव्हा कुणी हसलं नव्हतं. त्याने टेप खिशात टाकला.

दुपारी त्याने गाडी जॅकवर घेऊन चाकं काढली. बायको शेजारी वाकून बघत होती.

“या पुढच्या जोडीवर पिवळ्या पट्ट्या कसल्या? एकीवर एक, दुसरीवर दोन. कुणी बोटं पुसली की काय?”

“दोनवाली जरा ताठ असते. ती चालवणाऱ्याच्या बाजूला. चालवणारा रोजचाच, शेजारी कुणी असेल-नसेल.”

“म्हणजे मी एकटीच फिरते, हे तिलाही माहीत,” ती म्हणाली. बोलताना तिचा आवाज थोडा उतरला. तो काही म्हणणार, तेवढ्यात बाहेरून पेंटरने चहासाठी हाक मारली आणि ती गेली.

तो काम करत राहिला, पण कान बाहेर होते. पेंटर काहीतरी सांगत होता, ती हसत होती. पत्र्याच्या फटीतून तिचा अर्धा चेहरा दिसत होता. इतकं काय हसायचं असतं? लग्नानंतर आपल्या कुठल्या बोलण्यावर ती अशी हसली, ते त्याने आठवून पाहिलं. पाना सटकला, बोट सोललं. त्याने कसंबसं काम उरकलं आणि चाकं चढवली.

नाक खाली आलं होतं. नवी स्प्रिंग लगेच मोजायची नाही, आधी रस्त्यावर बसू द्यायची, असा त्याचा नियम होता. आठवड्याने त्याने टेप लावला. पुढचं आणि मागचं माप जुळलं. मग त्याने दुसरी बाजूही मोजली.

चालवणाऱ्याच्या बाजूला गाडी बोटभर खाली होती.

जमिनीचा दोष नको म्हणून त्याने गाडी फिरवून उभी केली. पुन्हा तेच.

बायको काडीसारखी. ती बसली तर उशीसुद्धा धड दबत नसे. मग स्टिअरिंगमागे बसतं कोण? बाकाची कुरकुर त्याच्या कानात घुमू लागली. दुसऱ्या कुणाच्या गाडीबद्दल असं कुणी म्हटलं असतं, तर मिस्त्रीनेच त्याला वेड्यात काढलं असतं.

“गाडी कोण चालवतं?” त्याने जेवताना विचारलं.

“मी.”

“अजून कोण?”

“अजून कोण चालवणार?”

“गाडी खोटं बोलत नाही,” तो म्हणाला, आणि बोटभर कललेलं माप सांगितलं.

तिला आधी हसू आलं. त्याचा चेहरा बघून ते विरलं. “कुणाचं नाव घ्यायचंय, ते तोंडाने घ्या.”

त्याने घेतलं. ती ताटावरून उठली.

सकाळी त्याने पेंटरला गाडीशी नेऊन माप दाखवलं.

“अरे, त्या गाडीत मी मावतो तरी का?” पेंटर म्हणाला. मग त्याचा आवाज बसला. “हे तू वहिनींना विचारलंस?”

“विचारलं.”

पेंटरने रंगाचे डबे टेम्पोत भरले. “तुझं माप तुला लखलाभ,” एवढंच बोलून तो गेला.

बायको बहिणीकडे निघाली. गाडीची किल्ली तिने शिलाई मशीनवर ठेवली. “माझा शब्द खोटा आणि स्प्रिंगचा खरा. मग तिच्याशीच संसार करा.”

गाडी शेडमध्ये धूळ खात पडली. मेहुणीचा निरोप आला, ताईने इथेच क्लास सुरू केलाय, वाट बघू नका. मिस्त्रीने गाडी विकायला काढली. घेणाऱ्याला जुन्याच स्प्रिंगा हव्या होत्या. मिस्त्रीलाही नव्या डोळ्यांसमोर नको होत्या.

त्याने चालवणाऱ्याच्या बाजूचं चाक काढलं. स्प्रिंग चिखलाने माखली होती. फडक्याने पुसताना एक पिवळी पट्टी दिसली. दुसरी दिसेल म्हणून तो पुसत राहिला. स्प्रिंग लख्ख झाली, तरी पुसतच राहिला.