नवसाचा मलिदा

"पोहे जरा जास्तच भिजवलेस," इस्रायलहून आलेली शेगुलाताई माझ्या कानाशी कुरकुरली. तिचा नवस फेडायला अमेरिकेत, ॲन आर्बरला माझ्या घरी आम्हा बेने इस्रायली ज्यूंचा मलिदा केला होता. गोड पोहे, खोबरं, फळं. नेमकी त्याच दिवशी माझी रुही रूममेटला, हालाला, जेवायला घेऊन आली. "आई, नो वॉर टॉक, प्लीज," असं दारातच बजावलं. मग आम्ही बर्फावर बोललो, थंडीवर बोललो. हालाला तिचं गाव कुणी विचारलं नाही.

ताईनं तिच्या हातावर मूठभर मलिदा ठेवला.

"हे कशासाठी, आंटी?"

मी डोळे वटारले. उपयोग शून्य.

"मुलगा फौजेत आहे ना माझा. गाझातून सुखरूप घरी आला."

मलिदा हालाच्या हातावर तसाच राहिला.

"माझा भाऊपण गाझातच होता," ती म्हणाली. "घरीच होता."