पॅनेलमागचा नट

बायको गेल्याचा फोन आला तेव्हा फ्लाइंग क्लबचे मेकॅनिक गायधनी एका विमानात, पॅनेलखाली उताणे पडून वायरी जोडत होते. हातातला पाना टाकून ते तसेच धावले.

चौदाव्या दिवशी कामावर आले, तर त्याच विमानाची बॅटरी चार्ज होईना. बाकीच्या मेकॅनिकांनी वीज तयार करणारा अल्टरनेटर बदलला, रेग्युलेटर बदलला. चार्जिंगचा लाल दिवा काही विझायला तयार नाही. सुरुवात आदल्या दिवशी झाली होती: एकटीच विमान घेऊन गेलेल्या शिकाऊ मुलीचा रेडिओ बॅटरी उतरून हवेतच बंद पडला. ती कशीबशी उतरली.

"आधी वायरी बघायच्या, मग पार्ट बदलायचे! किती वर्षं तेच सांगू?" करवादत गायधनींनी पॅनेलमागे हात घातला. अल्टरनेटरच्या जाड वायरीचा नट नुसत्या बोटांनी फिरला. "कोणत्या गाढवाने हा..."

सगळे खाली बघत राहिले, तेव्हा गायधनींना आठवलं: फोन आला त्या दिवशी हाच नट आवळायचा राहिला होता.

"माझी चूक. रजिस्टरमध्ये लिहा."

"राहू द्या हो काका," इन्स्ट्रक्टर चौबळ मॅडम म्हणाल्या. "तुमच्यावर केवढा प्रसंग होता."

"प्रसंग माझ्या घरी होता, मॅडम. विमानात ती मुलगी होती."

नट आवळून त्यांनी स्वतःच नोंद केली. त्या मुलीची माफी मागायची अजून राहिली होती.