उजवा खिळा

कॉन्व्हेंट शाळेत वर्गाच्या दाराशी प्रत्येक मुलीच्या नावाची लाकडी पट्टी टांगलेली असे. शाळेत येऊन आपली पट्टी डाव्या खिळ्यावरून उजव्यावर अडकवली, की लागली हजेरी. एक मुलगी तापाने फणफणत आली, तेव्हा घरी पाठवायचं सोडून सिस्टरनी तिची पाठ थोपटली, “शाबास! एकही खाडा नाही!” त्याच आठवड्यात त्या तापातच ती गेली. तिची पट्टी काढायला सिस्टरचा हात धजेना. संध्याकाळी सिस्टर सगळ्या पट्ट्या डावीकडे लावत. सकाळी शाळा भरण्याआधीच तेवढी एक उजवीकडे दिसे. सिस्टरच्या अंगावर काटा येई. एकदा चॅपेलमधली सकाळची मिस्सा-प्रार्थना संपताच त्या वर्गासमोरच्या खांबाआड उभ्या राहिल्या. चॅपेलमधून त्या मुलीची आई आली. तिने पट्टी तळव्याने पुसून उजवीकडे अडकवली. सिस्टर दिसल्या, तशी हसली. “बिनखाड्याचं पदक वर्षअखेरीला देता ना, सिस्टर? तापातसुद्धा खाडा पाडला नाही पोरीने, मग आता कशाला पाडायचा?”