ट्रायलपुरता ब्लाऊज

रखमाकाकी नवा ब्लाऊज घालून आरशासमोर उभ्या होत्या आणि तो काढायचं नाव घेत नव्हत्या.

"झालं ना ट्रायल, काकी?" सेजलने विचारलं.

"थांब गो. नुसतं उभ्यानं काय कळतंय?"

सेजलच्या बुटिकचे नियम भिंतीवर लावलेले होते. पहिला हप्ता मापाला, दुसरा ट्रायलला, तिसरा दिल्याशिवाय डिलिव्हरी नाही. खाली जाड अक्षरांत: नातेवाइकांनाही लागू. ते वाचून नाते नावाच्या गावच्या दोन बायका 'आम्हालाच का?' म्हणून विचारून गेल्या होत्या. पण नियम चालला होता. त्याआधी दुकान 'देते गो नंतर' या एकाच नियमावर चालायचं, आणि त्यानेच ते बंद पडायला आलं होतं.

रखमाकाकी म्हणजे सेजलच्या नवऱ्याची, मंगेशची, पोलादपूरची काकी. त्यांच्या भाचीचं लग्न समोरच्याच हॉलमध्ये लागत होतं. तिसरा हप्ता द्यायचा त्यांचा विचार नव्हता. पैसे नव्हते असं नाही. घरच्या सुनेला पुरते पैसे देणं त्यांना परकेपणाचं वाटायचं.

"तुझा नियम मोडायचा नाय मला," त्या पाटी वाचत म्हणाल्या. "डिलिव्हरी नकोच. ट्रायलच घेते. पण चालून बघायला लागंल, बसून बघायला लागंल. जेवल्यावर कसा बसतो तेपण बघायला लागंल. जाते नि आणून देते."

ट्रायल कुठे आणि किती वेळ, हे पाटीवर लिहायचं राहून गेलं होतं.

सेजलच्या ओठांत टाचण्या होत्या. तिला काहीतरी सांगायचं होतं. ते तिने टाचण्यांसोबत तोंडातच ठेवलं. काकींनी पैठणीचा पदर सारखा केला आणि रस्ता ओलांडून हॉलमध्ये शिरल्या.

मंगेश रिक्षाची वीर स्टेशनची भाडी सोडून लग्नाला आला होता. तो दुकानाच्या दारातच टेकला.

"गेला तुझा नियम लग्नाला," तो म्हणाला. "काकी आता पंगतीत सगळ्यांना सांगणार. उद्यापासून अख्खा तालुका ट्रायलवर. दुकानाचं शटर मीच ओढून देतो."

"मग तुम्ही अडवायचं होतंत."

"मी? काकीला?"

"मग गप बसा. मंगलाष्टकं ऐकू द्या."

लाऊडस्पीकरवर पहिलं मंगलाष्टक संपलं. 'सावधान' झालं, अक्षता पडल्या. सेजल सुईत दोरा ओवत बसली. दुसरं झालं. तिसऱ्याला भटजींनी आवाज चढवला.

चौथं सुरू झालं आणि रखमाकाकी हॉलबाहेर आल्या. मंगलाष्टकं चालू असताना जवळचं माणूस बाहेर पडत नाही. पण त्या आल्या. पदर शालीसारखा लपेटलेला, केसांत तांदूळ, काखेत पर्स आणि दोन्ही दंड अंगाला घट्ट चिकटलेले. भटजी आत सावधान म्हणत होते. काकी शाळेतल्या कवायतीसारख्या खरोखरच सावधानमध्ये चालत होत्या.

"अक्षता टाकायला हात उचलला," त्या दुकानात शिरून कुजबुजल्या, "नि काखेत कायतरी सुटलं. मग दुसरीकडनं पण."

"सुटणारच, काकी. ट्रायलला आम्ही कच्चे टाके घालतो. पक्की शिलाई तिसऱ्या हप्त्यानंतर."

मंगेश एकदम रस्त्याकडे बघू लागला.

"मग आधी बोलली का नाय?"

"तुम्हीच डिलिव्हरी नको म्हणालात."

समोर बँडवाले ताशा तापवू लागले. वरातीत नाचायला सगळ्यात पुढे काकी असणार, हे भाचीच्या सासरपर्यंत पोचलेलं होतं. काकींनी एकदा हॉलकडे बघितलं, एकदा पाटीकडे. हात मात्र जागचे हलवले नाहीत.

"घे गो तुझा हप्ता," त्या म्हणाल्या. "पर्समधनं तूच काढून घे. पण पर्स काखेतनं काढू नको, सगळं तिच्यावरच थांबलंय."