फ्रिजची चुगली

आमरसासाठी फ्रिजपुढे हात जोडण्याचा बिवलकरांचा हा नववा दिवस. "साखर वाढलीय, आजोबा," असं गोड बोलून तो मेला दार काही उघडत नव्हता. शेवटी टेलिफोन खात्यातल्या या निवृत्त इंजिनियरचं डोकं फिरलं. त्यांनी लॅपटॉपवर पायथन भाषेत प्रोग्रामच्या वीस ओळी खरडल्या आणि मनगटावरचा साखर मोजणारा पट्टा नि फ्रिज यांच्यात हवेतून चाललेली निरोपांची पॅकेट्स पकडली.

पट्टा सांगत होता, "साखर झकास. वाटीभर द्या."

फ्रिज म्हणत होता, "बाईसाहेबांची मनाई आहे."

"कुमुद!" बिवलकर कडाडले.

"अहो, तुमच्या काळजीपोटीच हो!" बायको कळवळून म्हणाली.

तेवढ्यात फ्रिजचं नवं पॅकेट स्क्रीनवर उमटलं, "बाईसाहेब, शेवटची वाटी उरलीय. रोजच्यासारखी तुम्हालाच ठेवू ना?"